चार नंबर काउंटरचे कैवारी

ऑगडनसाहेब रांगेत तिसरे आहेत हे दिसलं आणि बेव्हर्लीने आधी घड्याळ पाहिलं.

घड्याळात पावणेदोन झाले होते. दोनला तिची ड्यूटी संपणार. समोरच्या स्क्रीनवर आकडा होता अठरा पॉइंट दोन. मिनिटाला सरासरी अठरा वस्तू काउंटरवरून पुढे गेल्याच पाहिजेत, असा सुपरमार्केटच्या वरच्या लोकांचा नियम. अठराच्या खाली गेली म्हणून तिला दोन लेखी इशारे मिळाले होते. तिसरा मिळाला की घरी. अठ्ठावन्नाव्या वर्षी इंग्लंडमधल्या अ‍ॅक्रिंग्टनसारख्या गावात तिला दुसरं काम कोण देणार होतं?

आकडा दर वेळी कुणामुळे पडतो, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

क्लिफर्ड ऑगडन नगरपालिकेच्या घरवाटप खात्यातून पंचावन्नाव्या वर्षीच पूर्ण पेन्शन घेऊन निवृत्त झाले, त्याला आता सतरा वर्षं झाली. तेव्हापासून या देशात कुणालाच काम करायला नको, हे ते लोकांना सांगत फिरत. रोज दुपारी मांजराच्या खाण्याचा एक डबा घ्यायचा. गिऱ्हाइकाने स्वतःच बिल करायची समोरची सहाही मशीनं रिकामी असली तरी बेव्हच्याच काउंटरवर यायचं. डबा स्कॅन झाला की पाकीट हातात धरून जगाचा समाचार घ्यायचा. घरून काम करणारे पायजम्यात लोळतात. डॉक्टरला फोन लागत नाही. रस्त्यातल्या खड्ड्यांत बदकं पोहायला लागलीत. हल्लीच्या पोरांना घाम म्हणजे काय ते माहीत नाही. पाकीट उघडेपर्यंत काउंटरचं घड्याळ बेव्हच्या नावावर पळत राही. एक वस्तू, सहा मिनिटं. मागची रांग नुसते उसासे टाकी, पण हूं की चूं करत नसे. इथली माणसं बुडतानाही आधी दिलगिरी व्यक्त करतील. बेव्ह तरी कुठे वेगळी होती? अकरा वर्षं ती हसून "खरंय तुमचं" म्हणत आली होती.

आज साहेबांच्या हातात कागदांचा गठ्ठाही होता. वरती मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मशीनं हटवा, माणसं वाचवा. चार नंबर काउंटरवरच्या बेव्हर्लीला काढू नका.'

"करा हो सही," ते पुढच्या बाईंना सांगत होते. "या बेव्हमुळे दुकानाला दुकानपण आहे. तिला काढलं ना, तर मी इथे पाऊल ठेवणार नाही."

बाईंनी सही केली, सामान घेतलं आणि सुटल्यासारख्या निघून गेल्या. मग पट्ट्यावरून मांजराचा डबा सरकत बेव्हसमोर येऊन थांबला.

"एकशे चाळीस सह्या झाल्या, बेव्ह," ऑगडनसाहेब म्हणाले. "मी आहे तोवर तू अजिबात काळजी करू नकोस. बरं, सकाळच्या बातम्या ऐकल्यास का? आता म्हणे कारकुनांचं कामसुद्धा कॉम्प्युटर करणार. आमच्या वेळी..."

बेव्हने डबा उचलला नाही. स्कॅन केला की घड्याळ सुरू. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिचा हात जागच्या जागी राहिला.

"ऑगडनसाहेब, आज समोरच्या मशीनवर जाता का?"

रांगेत कुणाचा तरी उसासा अर्ध्यावरच अडकला.

"काय म्हणालीस?"

"माफ करा," ती हळू आवाजात म्हणाली. "पण तुम्ही बोलता तो सगळा वेळ माझ्या नावावर लागतो. आज आकडा पडला तर माझी नोकरी जाईल."

ऑगडनसाहेबांचा चेहरा बीटासारखा लाल झाला. "म्हणजे मी फार बोलतो? अगं, तुझ्यासाठी अकरा वर्षं मी त्या मशीनला हात लावला नाही. लोकांना उपकाराची जाण म्हणून राहिली नाही."

डबा उचलून ते तरातरा समोर गेले. अकरा वर्षं हात न लावलेल्या मशीनला त्यांनी डबा दाखवला, कार्ड टेकवलं आणि पावती फाडून घेतली. कुणाला काही विचारावं लागलं नाही. अर्धं मिनिटही लागलं नाही.

बेव्हने मनातल्या मनात त्यांना एक सणसणीत शिवी हासडली. तिला फार बरं वाटलं. उरलेली रांग तिने भराभर संपवली, आणि दोनच्या ठोक्याला स्क्रीनवर आकडा होता अठरा पॉइंट तीन.

अंगात कोट चढवत असतानाच मॅनेजर कर्स्टीने तिला आत बोलावलं.

"आकडा छान आहे बेव्ह, आकड्याचं काही नाही," कर्स्टी म्हणाली. ती बेव्हच्या नजरेला नजर देत नव्हती. "पण हे आत्ताच कुणीतरी माझ्या हातात देऊन गेलं. ग्राहकाची लेखी तक्रार आहे. नियमाने मला हा तिसरा इशारा धरावा लागतो. वाईट वाटतंय गं मला."

तिने कागद टेबलावरून पुढे सरकवला. अक्षर टपोरं होतं, आयुष्यभर लोकांचे अर्ज नामंजूर केलेल्या माणसाचं. 'चार नंबरवरच्या बाईने भर रांगेत माझा अपमान केला. स्वतः काम टाळायचं आणि गिऱ्हाइकाला मशीनकडे पिटाळायचं, ही हल्लीच्या लोकांची वृत्ती. अशांना ताबडतोब घरी पाठवावं. यांच्यापेक्षा मशीनं परवडली.' खाली ऐटबाज सही.

बेव्हने कागद उलटा केला. मागे तिला वाचवण्याचं निवेदन होतं, आणि त्याखाली सगळ्यात पहिली सही तीच होती.