कमी दाबाचा शॉवर

खांदा आखडल्यापासून आईला डोक्यावरून तांब्याने पाणी घेता येत नव्हतं. तिने शॉवरचा विषय काढला, की लेकाचं उत्तर ठरलेलं. "आपली टाकी बुटकी आहे गं आई, पाण्याला जोरच नाही. शॉवर चालायचा नाही."

आई गेली. घर भाड्याने द्यायचं ठरलं आणि भाडेकरू शॉवरवर अडून बसला. प्लंबरने टाकीपाशी छोटा पंप जोडला, कमी दाबावर चालणारा शॉवर बसवला, आणि तासाभरात पाणी धो धो कोसळू लागलं.

"एवढं सोपं होतं?" लेक चाट पडला.

प्लंबर हात पुसत म्हणाला, "आजींना मी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.

"त्या म्हणाल्या, 'मुलगा म्हणतोय ना चालणार नाही, मग नाहीच चालणार.'"