मोठ्यांचं कार्टून

संध्याने सोललेली कोलंबी टोपात टाकली आणि कान टवकारले. आतल्या खोलीतून आवाजच येत नव्हता. कार्टून लावलं की एरवी धडाम-धुडूम चालायचं आणि लेकीच्या, ऋतिकाच्या, खिदळण्याने घर दणाणायचं. आज सगळं चिडीचूप.

ती ओल्या हातांनीच आत गेली. मोबाइलवर एक म्हातारा खाटेवर निजला होता, उशाशी त्याची नात. म्हाताऱ्याचा हात नातीच्या हातातून हळूच घसरला आणि तसाच लोंबत राहिला.

हे लावून दिलं होतं तिनेच. बोट, म्हातारा, छोटी पोर, सगळं रंगवलेलं. चित्रं म्हणजे पोरांसाठीच असणार, असं ती धरून चालली होती. पोरांच्या कार्टूनात अंगावर डोंगर कोसळला तरी मांजर चपातीसारखं चपटं होतं आणि उठून पळत सुटतं. हा म्हातारा काही उठायचं नाव घेईना. हे काढलं होतं मोठ्या माणसांसाठी.

आणि नेमकं हेच सगळ्यांनी ऋतिकापासून लपवलं होतं. तिचे आबा, आत्माराम तांडेल, वारले तेव्हा ती खेडला मामाकडे होती. परत आल्यावर पहिलीतल्या पोरीला सांगायचं काय? आजीने, आवडाबाईंनी, सांगून टाकलं, "आबा बोटीवर गेलेत." मासेमारीवर जगणाऱ्या घरात याहून सोपी थाप सापडली नसती. मग रोज तीच थाप. खरं कळलं की पोर कोलमडेल, पुन्हा आपल्यावर कधी विश्वास ठेवणार नाही, या धास्तीने संध्याला घास गोड लागत नव्हता.

तिने मोबाइल हिसकावून घेतला. "बघू नको बाय ता. खोटा हाय सगळा."

ऋतिकाचे डोळे भरले होते, पण ती घाबरलेली नव्हती. "आबा पण असेच गेले ना? मला ठाव हाय. बोट मिरकरवाड्याच्या बंदरात येते नि जाते, आबा काय येत नाय. आबांची घोंगडी तर हितंच हाय. घोंगडीबिगर आबा कधी बोटीवर गेलेत?"

संध्या तिच्याजवळ खाली बसली. इतके दिवस उरावर घेतलेला धोंडा पोरीने एका दमात उतरवला होता. तिने ऋतिकाला कुशीत ओढलं आणि दोघी पोटभर रडल्या. रडता रडताच संध्याला हलकं वाटू लागलं, इतकं की तिला हसूही आलं.

पडवीत आवडाबाईंची चाहूल लागली. ऋतिकाने झटकन डोळे पुसले आणि आईच्या कानाशी लागली.

"आजीला ह्यो नको दाखवू हां. तिला अजून वाटता, आबा बोटीवर गेलेत. तिला ल्हान पोरांचा कार्टून लाव."