उघडं दुकान

सुनेने सासूबाईंच्या विणकामाची वेबसाइट सुरू करून दिली आणि त्या दिवसापासून त्यांनी घरातला लॅपटॉप काही मिटू दिला नाही. तो तापू नये म्हणून शेजारी पंखा लावला. कुणी हात लावला की खेकसायच्या, "दुकान उघडं आहे, झाकण लावू नका!"

शेवटी सुनेनेच हसत झाकण मिटलं आणि आपल्या फोनवर तीच वेबसाइट उघडून त्यांच्यापुढे धरली. मोजे, टोप्या, स्वेटर, सगळं जिथल्या तिथे.

"अगंबाई! मग आपलं दुकान राहतं कुठे?"

"भाड्याच्या जागेत, आई. एका मोठ्या इमारतीत हजारो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू असतात. त्यातल्या एकाच्या कोपऱ्यात आपलं दुकान. बँका, शाळा, लोकांचे फोटो, सगळं तिथेच. तापू नयेत म्हणून खोल्या बर्फासारख्या गार ठेवतात."

सासूबाईंचे डोळे विस्फारले. "अख्खं जग त्या खोल्यांत? आणि तिथे पंखा कोण धरतं?"

"तुमचे चिरंजीव! तेच तर काम आहे त्यांचं."

भर उन्हाळ्यात बाजारचा पातळ स्वेटर घालून कामाला निघणाऱ्या लेकाला सासूबाई रोज म्हणायच्या, "एसीत बसून झोपा काढायला कसला रे स्वेटर?"

त्यांनी गिऱ्हाइकाचं विणकाम बाजूला ठेवलं आणि सगळ्यात जाड लोकर काढली.

"आला की माझ्याकडे पाठव गं त्याला. त्याच्या खांद्यांचं माप कधी घेतलंच नाही मी."