रांगेतली मृदुला

“अर्ज मागे घ्यायचाय,” मृदुला म्हणाली.

खिडकीतल्या बाईंनी नकारार्थी मान हलवली. “कालच नवी सूचना आलीय. रांगेत तुमची प्रत उभी आहे ना, तिची संमती लागेल. बोला तिच्याशी.”

पडद्यावर दुसरी मृदुला दिसली, लग्नातल्या हिरव्या चुड्यासकट. काही वर्षांपूर्वी नवऱ्यापाठोपाठ चंद्रावरच्या वसाहतीत राहायला जायचा अर्ज भरला, त्या दिवशी कार्यालयानं तिच्या मनाची ही प्रत काढून रांगेत लावली होती, म्हणजे तिला स्वतःला ताटकळायला नको. प्रती कंटाळू नयेत म्हणून त्यांची घड्याळं अगदी सावकाश चालवत. हिच्या लेखी रांग आज सकाळीच लागली होती.

“आलीस? अगं, हेरंब नीट पोचला ना वर?” प्रतीनं विचारलं.

“पोचला. पण आम्ही आता वेगळे झालोय. तू हो म्हण, म्हणजे सुटले मी.”

प्रत गोंधळली. “का? काय केलं त्यानं?”

मृदुलानं आठवून पाहिलं. एकही धड भांडण आठवेना. आठवले ते त्याचे विरळ होत गेलेले फोन, आणि दर वेळचा तोच प्रश्न, ‘काही कळलं का?’

“काही नाही केलं गं त्यानं,” ती कशीबशी म्हणाली. “तुझा नंबर येईना, एवढंच.”

प्रतीनं वळून पुढे पाहिलं.

“अगं, पण माझ्यापुढे आता एकच माणूस उरलाय!”