हलकी दुनळी

"ही नको, जड आहे," म्हणत तौनोने तिसरी बंदूकही परत टेबलावर ठेवली.

हेल्वीला बरं वाटलं. कालच तिने दुकानदार यालमारीला फोन करून बजावलं होतं, की ह्याला एकही बंदूक पसंत पडू द्यायची नाही. वसंतात तौनोच्या छातीत कळ आली होती आणि डॉक्टरांनी जंगलात एकट्याने फिरायला साफ मनाई केली होती. बंदूक नसली की हा मुकाट घरात बसेल, एवढा साधा हिशेब. नवरा जिवंत हवा होता तिला, दुसरं काही नको होतं.

पण तौनो हटून बसला होता. तळ्याकाठच्या त्यांच्या घरापासून गाव लांब, त्यामुळे हिवाळ्यात ताटात मांस पडायचं ते जंगलातूनच. लग्न झाल्यापासून मासे तिने आणायचे आणि मांस त्याने. जुनी वजनदार बंदूक त्याने उन्हाळ्यातच पुतण्याला देऊन टाकली. आता त्याला एक नळी छऱ्यांची आणि एक गोळीची अशी दुनळी हवी होती. ससा उठला तर छरे, झाडाच्या शेंड्यावर रानकोंबडा दिसला तर गोळी. दोन दोन बंदुका खांद्यावर टाकून बर्फात कोण फिरणार?

"हिला चाप दोन आहेत," यालमारीने ठरल्याप्रमाणे चौथीतही खोट काढली. "जाड हातमोज्यांत तू चुकतोस. छऱ्यांऐवजी गोळी झाडून सशाची चटणी केली होतीस, विसरलास?"

"म्हणूनच एका चापाची दाखव. खटका सरकवला की नळी बदलते, तसली. आणि खटका मऊ पाहिजे. बोटांत जोर नसला तरी सरकला पाहिजे."

हेल्वीने चमकून त्याच्या बोटांकडे पाहिलं. बोटांतलाही जोर गेला की काय ह्याच्या? पण तोंडाने ती म्हणाली, "बोटांत जोर नाही आणि निघाले शिकारीला. त्यापेक्षा घरात बसून मोजे वीण."

"विणीन की. आधी बंदूक घेऊ दे."

यालमारीने हेल्वीकडे पाहिलं, खांदे उडवले आणि आतून एक छोटी दुनळी आणली. ही तरी नक्कीच नापसंत पडेल अशी त्याची खात्री होती. "हिच्यात छरे कमी मावतात. पोरासोरांची आहे ही. तुला शोभायची नाही."

"धक्का कितपत देते?"

"देतच नाही म्हण ना."

तौनोने ती एका हाताने उचलून पाहिली. नळ्या खाली झुकवून उघडल्या, मिटल्या, खटका पुढेमागे केला. "मग हीच."

हेल्वीने यालमारीकडे डोळे वटारले. बिचाऱ्याने शेवटचा उपाय काढला. "अरे, खांद्याला टेकतो तो दस्ता आखूड आहे हिचा. बार उडाला की तुझाच अंगठा तुझ्या नाकावर आपटेल. हवीच असेल तर कोट चढव, कोटावरून माप घेतो आणि लांब दस्ता बसवतो. पण महिना लागेल."

महिना! हेल्वीने मनातल्या मनात यालमारीला शाबासकी दिली. तेवढ्या वेळात ती ह्याला लेकीकडे शहरात नेऊन बसवणार होती, मग वाटेल तेवढी आदळआपट करू दे.

"लांब कशाला?" तौनो म्हणाला. "उलट बोटभर कापायचा आहे."

तो सावकाश उठला. हेल्वीच्या कोटाचं वरचं बटण त्याने लावलं आणि बंदूक तिच्या हातात दिली.

"खांद्याला लाव."

"मी? मला काय करायची आहे बंदूक?"

"माप तुझं घ्यायचंय, हेल्वी. डॉक्टर म्हणतात, पहिला बर्फ काही मला दिसायचा नाही."