कुणाचं कुणावाचून

त्या शेवटच्या साध्या दिवशी बापलेकीचं फोनवर वाजलं ते कोडच्या एका ओळीवरून. बाबांनी वीस वर्षं एकहाती लिहिलेल्या बातम्यांच्या वेबसाइटचे सुटे, स्वतंत्र भाग करायचं काम आता लेकीकडे आलं होतं. गुंता असा, की राशिभविष्य हलवलं की हवामान बंद पडे, आणि हवामान सुरू केलं की निधनवार्तेखाली 'आज प्रवासाचा योग' उमटे.

"बाबा, इथे लिहिलंय, 'या ओळीला हात लावू नये. का, ते मलाही आठवत नाही.' याला काय अर्थ आहे?"

"अगं, घरातल्या म्हाताऱ्यासारखी आहे ती. काही करत नाही, पण उठवलीस तर घर खाली येईल."

"तुमच्यामुळे माझं सगळं अडलंय!" म्हणत तिने फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा चहाचा कप घेऊन खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत.

दोन महिन्यांनी सगळे भाग सुटे झाले. कुणाचंच कुणावाचून अडता कामा नये, एवढीच परीक्षा होती. ऑफिसात सगळ्यांसमोर तिने बाबांची ती ओळ पुसली. राशिभविष्य चालू, हवामान चालू, निधनवार्तेखाली प्रवासाचा योगही नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, "बघा! कुणाचं काऽही अडलं नाही!"



पुसलेल्या ओळीच्या जागेकडे बघत ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "बाबा, तुमच्यावाचून माझं अडतंय हो."