कठोर निर्णय

निर्णय घेताना नेत्याचा हात थरथरता कामा नये, हे अश्वजितला नागपूरच्या नेतृत्व-शिबिरात पुरतं पटलं. सावंगीतली त्याची हळदीची कंपनी वाढत होती आणि पहिल्या दिवसापासून पाकिटं भरणाऱ्या अन्नपूर्णामावशी आता मंदावल्या होत्या. त्यांच्या जागी काजल नावाच्या तरुण मुलीला सोमवारपासून बोलावूनही झालं.

शनिवारी तो टेबलाकडे बघत म्हणाला, "मावशी, लय केलं तुनं. आता आराम कर."

"किती काळजी रे बाप्पा तुले माही!" मावशींनी डोळे पुसले.

अश्वजितचा जीव अर्धा झाला. त्या दारात पोचल्या, तेव्हा निघणाऱ्याला 'जा' न म्हणता 'ये' म्हणतात तसं त्याच्या तोंडून गेलं, "येजो, मावशी."

सोमवारी आठच्या ठोक्याला मावशी हजर. "झाला आराम," म्हणत त्यांनी पदर खोचला.



अश्वजितनं काजलसाठी आणखी एक खुर्ची मागवली.